खडीत जाणारा स्फटिक कुणाचा?

पुणे, नाशिक, जळगावकडच्या डोंगरभटक्यांमध्ये एक वाद अधूनमधून पेटतो. जुन्या दगडखाणीत सापडलेला अपोफिलाइटच्या किंवा स्टिलबाइटच्या स्फटिकांचा झुबका कुणीतरी कौतुकाने दाखवतं आणि लगेच दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, हा सह्याद्रीचा कोट्यवधी वर्षांचा ठेवा, तो पिशवीत घालणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, खाणीत पडलेला दगड तो, त्यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पहिलीच्या तोंडी ‘वारसा’, ‘लूट’, ‘तस्करी’ हे शब्द असतात, दुसरीच्या तोंडी ‘छंद’. दोघांचा आवाज चढत जातो आणि ज्या खाणीबद्दल हे सगळं चाललेलं असतं, तिच्याकडे कुणी बघतच नाही. तिथे त्याच वेळी सुरुंग उडत असतात आणि डंपर भरत असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चालू किंवा बंद दगडखाणीत सुटे झालेले स्फटिक गोळा करायला मुभा हवी. ती उघड हवी, लिहिलेल्या नियमांत बसणारी हवी आणि तीत खाणकामगाराचा वाटा मान्य केलेला हवा. न खोदलेला डोंगर, किल्ल्याचा कडा, लेण्याची भिंत, धबधब्याचं पात्र यांना मात्र कुणी छिन्नीसुद्धा लावू नये. या दोन जागा एकाच मापाने मोजल्या जातात म्हणून हा वाद इतका बिघडलाय.

दगडखाणीत नक्की काय होतं ते आधी बघू. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. तो थंड होत असताना आत अडकलेल्या वायूंनी पोकळ्या ठेवल्या. मग भेगांमधून झिरपणाऱ्या पाण्याने पाषाणातलाच सिलिका, चुना, ॲल्युमिनियम, सोडियम विरघळवून त्या पोकळ्यांत आणून बसवला. आधी हिरवट अस्तर, त्यावर गारेचा थर, मग ह्युलँडाइट, स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट अशी साधारण चढण असते. (लाव्हाचं वय स्फटिकालाही चिकटवायची आपल्याला सवय आहे, पण यातले बरेच स्फटिक लाव्हानंतर कोट्यवधी वर्षांनी घडलेले आहेत. वारसा म्हणताना निदान वय तरी बरोबर सांगावं.) सुरुंग उडाला, धुरळा बसला की खाणीच्या उभ्या भिंतीत कधीकधी अशी पोकळी उघडी पडते. बाहेरून काळपट, आत फिकट पीचच्या रंगाचे, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे स्टिलबाइटचे स्फटिक. त्यांच्यावर काचेचे ठोकळे ठेवावेत तसा अपोफिलाइट, चारी बाजू काचेसारख्या आणि माथ्याला मोत्याची झाक. ही पोकळी उघडी राहते ती जेमतेम पोकलेनचा दात येईपर्यंत. त्यानंतर तो सगळा माल खडी क्रशरच्या जबड्यात जातो आणि पाऊण इंची, अर्धा इंची, कच अशा प्रतवारीने बाहेर पडतो. ज्या डांबरी रस्त्यावरून आपण गाडी नेतो, त्याच्या पोटात कितीतरी स्टिलबाइट दळला गेलाय.

तेव्हा खाणीतून स्फटिक उचलला नाही तर तो जागेवर राहतो, हे पहिल्या फळीचं गृहीतकच मुळात खोटं आहे. जंगलात न तोडलेलं फूल झाडावर राहतं. चालू खाणीत न उचललेला स्फटिक खडीत जातो. ‘फोटोंशिवाय काही नेऊ नका’ हा नियम अभयारण्यासाठी केलेला, तिथे तो शंभर टक्के योग्य. पण ज्या जागेचं कामच दगड फोडणं आहे, तिथे हा नियम लावायचा म्हणजे पाडकाम चाललेल्या वाड्यातून कोरीव तुळई बाहेर काढणाऱ्याला हटकायचं आणि बुलडोझरवाल्याला वाट करून द्यायची. एरवी हाच निसर्गप्रेमी आपल्या सोसायटीच्या स्लॅबसाठी खडी मागवताना ती कुठल्या डोंगराची, हे विचारतो का?

शोभेचा दगड उचलणं हे काहीतरी अलीकडचं, परदेशी, श्रीमंती खूळ आहे असाही एक सूर असतो. तो आपल्याच देवघराने खोडून काढलाय. पंचायतन मांडणाऱ्या घरांत शंकर म्हणून नर्मदेचा बाण असतो, विष्णू म्हणून गंडकीचा शाळिग्राम, गणपती म्हणून शोण नदीचा तांबडा दगड, सूर्य म्हणून स्फटिक. वेगवेगळ्या प्रांतांतून निवडून आणलेले, कुठला कुठून आला हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलेले दगड. आणि शाळिग्राम तर अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा जीवाश्म. म्हणजे आजच्या भाषेत भूवारसाच. व्यापाराचं म्हणाल तर पहिल्या शतकात तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंतचं व्यापारी वर्णन लिहिणाऱ्या एका ग्रीक भाषिकाने नोंदवून ठेवलंय की पैठणहून भडोचला गाड्या भरभरून अकीक जातीचा दगड यायचा आणि तिथून जहाजांवर चढायचा. पैठण आणि तेरच्या उत्खननांत अकीकाचे मणीही निघाले आहेत. हा अकीकही दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांतलाच. म्हणजे या पाषाणाच्या पोटातलं सौंदर्य देशाबाहेर जायला लागून दोन हजार वर्षं होऊन गेली.

दोन हजार वर्षं चाललंय म्हणून योग्य, असं मला म्हणायचं नाही. सतीही शतकानुशतकं चालली होती. माझा मुद्दा एवढाच की ही माणसाची जुनी ओढ आहे आणि तिला गुन्हा ठरवून ती जाणार नाही. मग ती कशा रीतीने चालावी, हाच विचार करण्याजोगा प्रश्न उरतो.

आता विरोधी बाजूचं जे खरोखर वजनदार आहे, त्याकडे येतो. पहिला मुद्दा: उत्तम नमुने बाहेर जातात, आपल्याकडे उरत नाहीत. हे खरं आहे आणि याची सुरुवात साहेबाच्या काळात झाली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वे चढवली गेली. पंचवीस बोगदे सह्याद्रीच्या पोटातून खोदले गेले. हजारो मजूर त्या कामावर होते आणि पटकी-तापाने, सुरुंगांनी, कडे कोसळून त्यातले कित्येक गेले. त्याच खोदकामात जगाने तोवर क्वचितच पाहिले असतील असे अपोफिलाइटचे स्फटिक निघाले आणि ते लंडनच्या संग्रहांत पोचले. तिथे त्यांच्याखाली बोरघाटाचं नाव आहे. पहार धरणाऱ्या हातांची नावं मात्र कुठेच नाहीत. आजही वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट बघायचा तर पुण्यातल्या माणसाला बऱ्याचदा परदेशी संग्रहालयांची छायाचित्रं चाळावी लागतात. कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं हे सिलिकेट पहिल्यांदा वर्णिलं गेलं १९७३ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीला वाघोलीच्या खाणींतून जे निघालं त्यापुढे ओरेगनचे नमुने कुणाला आठवेनात. नगर रस्त्यावरच्या एका गावाचं नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना पाठ आहे आणि आपल्याकडे वाघोली म्हटलं की आठवते ती वाहतूक कोंडी. याची खंत वाटायलाच हवी.

या खंतीवरचा उपाय म्हणून जेव्हा संपूर्ण बंदी सुचवली जाते, तेव्हा मात्र मी ब्राझीलकडे बोट दाखवतो. ब्राझीलच्या ईशान्येला आरारिपेच्या पठारावर फरशीसाठी चुनखडीच्या पातळ लाद्या काढणाऱ्या खाणी आहेत. त्या लाद्यांच्या पदरांमध्ये मासे, कीटक, उडणारे सरीसृप यांचे अप्रतिम जीवाश्म मिळतात. तिथे १९४२ पासून कायदा आहे: जीवाश्म सरकारचे, खासगी विक्री बेकायदा. म्हणून काय झालं? जीवाश्म बाहेर जातच राहिले, फक्त चोरवाटेने, आणि कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून निघाले ही माहिती वाटेतच गळून पडली. कारण ज्याच्या हाताला ते लागतात तो लादी काढणारा मजूर. त्याने प्रामाणिकपणे सांगावं तर हाती काही पडत नाही, गप्प राहून विकावं तर चार पैसे मिळतात. अर्थात कायद्याचा काहीच उपयोग झाला नाही असंही नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयात गेलेला ‘उबिराजारा’ हा पिसासारखी झालर असलेला छोटा डायनासोर २०२३ मध्ये ब्राझीलला परत मिळाला तो याच कायद्याच्या आधारावर. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच अपवादात्मक महत्त्वाच्या नमुन्यावर सरकारचा पहिला हक्क असावा, योग्य किंमत देऊन तो सरकारने घ्यावा, याला माझी हरकत नाही. परंतु हजारात एखाद्या नमुन्यासाठी उरलेल्या नऊशे नव्याण्णवांना अंधारात ढकलायचं, हा कुठला हिशेब?

याउलट जर्मनीतलंच झोल्नहोफेन घ्या. शिळाछपाईसाठी लागणारी गुळगुळीत चुनखडी तिथल्या खाणींतून निघायची आणि जगभर जायची. १८६१ मध्ये त्या खाणींनी पिसं असलेला आर्किऑप्टेरिक्स दिला. डार्विनचा ग्रंथ येऊन दोनच वर्षं झाली होती आणि सरपटणारे प्राणी व पक्षी यांच्यामधला दुवा दगडातून समोर आला. तो जगासमोर कसा आला? तिथले एक डॉक्टर खाणकामगारांवर उपचार करायचे आणि फीऐवजी जीवाश्म घ्यायचे. कामगारांना ठाऊक होतं की वेगळं काही दिसलं तर ते फेकायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. पुढे लंडनच्या संग्रहालयाने डॉक्टरांचा संग्रह ७०० पौंडांना विकत घेतला. यात कामगारांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. डॉक्टरांनी त्यांच्यावर उपकार केले असं कुणी म्हणू नये. तरी त्या दगडाला किंमत आहे हे कामगाराला माहीत नसतं, तर तो आर्किऑप्टेरिक्स छापखान्याच्या मापाच्या चौकोनात कापला गेला असता. आज त्याच भागात आइकश्टेटजवळच्या खाणीत सहल म्हणून आलेली मुलं पैसे भरून, हातोडी-छिन्नी घेऊन लाद्या उकलत बसलेली दिसतात. आपल्याकडे असं काही सुचवलं तर आधी कुठल्या खात्याची परवानगी लागेल यावरच वर्ष जाईल.

आपल्या खाणीत हातोडा कुणाच्या हातात असतो? वडार समाजाच्या पिढ्या यात गेल्या. आता मराठवाड्यातून, विदर्भातून आणि दुसऱ्या राज्यांतून आलेली कुटुंबंही खाणीच्या कडेला पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. यंत्रं आली तरी पोकळी उघडली की ती आधी दिसते त्यांनाच. कुठला स्फटिक कसा सोडवायचा, हे त्यांच्यातल्या जाणत्याला भूविज्ञानाच्या पदवीधराहून चांगलं कळतं. स्कोलेसाइटच्या सुया श्वास लागला तरी मोडतील की काय असं वाटतं. ओकेनाइटच्या कापसासारख्या गोळ्याला बोट लावलं की केस चिकटून बसतात आणि पुन्हा कधी उभे राहत नाहीत. मी एका खाणीत बघितलेला म्हातारा कामगार पोकळीच्या भोवतीचा पाषाण आधी मोठ्या घणाने नाही, बारीक टिचक्यांनी सैल करत होता. मग त्याने डोक्याचं पागोटं सोडून आत कोंबलं, आणि तेव्हा कुठे पहार लावली. असं निघालेला नमुना तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो आणि शहरातून येणाऱ्या दलालाला देतो. दलाल देईल ती किंमत. कारण दुसरं गिऱ्हाईक त्याला माहीत नाही, आणि आपण करतो ते कायदेशीर आहे की नाही याची त्याला स्वतःलाच खात्री नसते. बंदीचा पहिला फटका बसतो तो या माणसाला. दलालाचं काय, तो धंद्याची जोखीम म्हणून भाव आणखी पाडतो.

दुसरा वजनदार मुद्दा असा की एकदा बाजार तयार झाला की हात खाणीपाशी थांबत नाहीत. स्फटिकाला पैसे मिळतात म्हटल्यावर कुणीतरी घाटातला कडा फोडेल, ओढ्याचा काठ खणेल, लेण्याच्या डोंगराला हात घालेल. ही भीती निराधार नाही. अजिंठ्याच्या वाटेवर फोडलेल्या गारगोट्यांचे अर्धे वाटे मांडून बसलेले विक्रेते प्रत्येकाने बघितलेत. त्यांच्याकडचा माल विहिरी-खाणींतला की आणखी कुठला, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विक्रेता सांगत नाही. काहींचे रंगही आताशा फार भडक दिसतात, ती वेगळीच रंगपंचमी. मग यावर करायचं काय? इथे मला स्वित्झर्लंडच्या आल्प्समधली रीत शिकण्याजोगी वाटते. तिथे डोंगरातले स्फटिक शोधणारे लोक परंपरेने आहेत, त्यांना श्ट्राहलर म्हणतात. ऊरी परगण्यात त्यांना परवाना घ्यावा लागतो आणि तो देते तिथली कोर्पोरात्सियोन, म्हणजे सामाईक कुरणं, जंगलं सांभाळणारी गावकीच. आपल्या गोव्यातल्या गांवकारीची आठवण व्हावी अशी संस्था. एखाद्याने कपार शोधली आणि तिथे आपली हत्यारं ठेवली की ती त्याची, दुसरा तिला हात लावत नाही. याच पद्धतीने काम करणाऱ्या दोघांनी २००५ मध्ये प्लांगनश्टॉक डोंगरात प्रचंड क्वार्ट्झ स्फटिकांचा साठा शोधला आणि ते आज बर्नच्या संग्रहालयात आहेत. तिथेही लबाडी होत असेलच. फरक इतकाच की परवानाधारकाला आपल्या डोंगराची राखण करण्यात स्वतःचा फायदा दिसतो. कुणी नियम मोडला तर पहिली तक्रार तोच करतो. आपल्याकडे परवानाच नाही, तर नियम पाळणारा आणि मोडणारा यांत फरक करणार तरी कसा?

इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या किनाऱ्याची गोष्ट याहून जवळची. मेरी ॲनिंग ही सुताराची मुलगी तिथल्या ढासळत्या कड्यांखालून जीवाश्म वेचून विकायची. १८११-१२ मध्ये तिने आणि तिच्या भावाने इक्थिओसॉर या नामशेष सागरी सरीसृपाचा सांगाडा शोधला, १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या तशाच दुसऱ्या सरीसृपाचा जवळजवळ अखंड सांगाडा बाहेर काढला. समुद्र तो कडा रोज खात होता. तिने उचललं नसतं तर लाटांनी चुरा केला असता. (श्रेय मात्र बराच काळ तिच्याकडून नमुने विकत घेणाऱ्या सभ्य गृहस्थांनी घेतलं. बोरघाटाच्या मजुरासारखीच तऱ्हा, निदान तिचं नाव तरी उरलं.) आज तो किनारा जागतिक वारसा आहे, २००१ पासून. आणि तरीही तिथे वेचणं बंद केलेलं नाही. कड्यात परवानगीशिवाय खोदायचं नाही, खाली सुटं पडलेलं घ्यायचं, शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचं काही सापडलं तर त्याची नोंद करायची, अशी आचारसंहिता आहे. वारसा म्हणजे हात लावू नका, हे समीकरण युनेस्कोच्या यादीतल्या जागेलाही लागू होत नाही. मग ते खडी क्रशरच्या आवाराला लावण्याचा आग्रह कशासाठी?

नोंदीचा मुद्दा मी मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण हौशी मंडळींची बाजू घेताना त्यांच्या तोंडावर सांगायची गोष्ट हीच आहे. ठावठिकाणा नसलेला स्फटिक हा शोकेसमधला दगड, त्याहून काही नाही. सुखेशवाला, आवशिया आणि गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या झिओलाइटचे, म्हणजे स्टिलबाइट, ह्युलँडाइट ज्या गटात मोडतात त्या खनिजांचे, पट्टे मांडून दाखवले: कुठे लॉमॉन्टाइट जास्त, कुठे स्कोलेसाइट, कुठे ह्युलँडाइट. पाषाणात केव्हा, किती तापमानाचं पाणी खेळलं याचा तो पुरावा आहे. असं काम उभं राहतं ते नमुना कुठला हे पक्कं ठाऊक असतं म्हणून. ‘पुण्याजवळ कुठेतरी’ या चिठ्ठीवर शास्त्राची एक ओळही लिहिता येत नाही. व्यापारी तर मुद्दाम खोटी गावं सांगतात, आपली खाण दुसऱ्याला कळू नये म्हणून. हिरव्या अपोफिलाइटसाठी गाजलेली राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याची जागा ही मुळात एक विहीर होती. विहीर बांधून झाली, पाणी लागलं, विषय संपला. त्या जागेची माहिती आता फक्त नमुन्यांसोबतच्या चिठ्ठ्यांत आहे. चिठ्ठी हरवली की जागाही गेली. हौशी माणसाने गाव, खाण, जमिनीपासूनची खोली, तारीख आणि सोबत कुठली खनिजं होती एवढं लिहून ठेवायला काय लागतं? एक पेन्सिल लागते. तेवढंही जो करत नाही, त्याला ‘लुटारू’ म्हटलं तर मी त्याची वकिली करणार नाही.

कायद्याचं सध्याचं चित्र मात्र गमतीचं आहे. गौण खनिजांचे, म्हणजे बांधकामाचा दगड-वाळू यांसारख्या खनिजांचे, नियम राज्य सरकारने करायचे, ही तरतूद १९५७ च्या खाण कायद्यातच आहे; त्यानुसार महाराष्ट्राचे २०१३ चे नियम आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्राने अकीक, कॅल्साइट, जास्पर यांच्यासकट ३१ खनिजं गौण यादीत टाकली. पण खाणीत हिशेब होतो तो ब्रासचा. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, त्यावर स्वामित्वधन भरलं की सरकारच्या लेखी आतला काळा पाषाण आणि आतला अपोफिलाइट एकच. तहसीलदार कचेरीला डंपरमध्ये किती ब्रास माल आहे हे बघायचं असतं; त्यात काय चमकतंय हे बघायचं कुणाचंच काम नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, पण तो माणसाच्या हातच्या वस्तूंसाठी. मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. हेतू चांगला होता आणि अशा कायद्याची गरज आहेच. लोणारसारखी जागा केवळ स्थानिकांच्या सद्‌भावनेवर सोडता येत नाही. पण त्या मसुद्यातल्या भूअवशेषाच्या व्याख्येत गाळ, खडक, खनिजं, उल्का, जीवाश्म सगळंच येत होतं आणि अधिकार जवळजवळ सगळे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती जात होते. त्यावर पुराजीवशास्त्रज्ञांनीच टीका केली. विद्यापीठातला संशोधक, महाविद्यालयाचं छोटं संग्रहालय, गावातला शिक्षक, खाणीतला कामगार यांना परवानगीच्या रांगेत उभं करायचं आणि खाणपट्ट्याचा लिलाव नेहमीसारखा चालू ठेवायचा, असं संरक्षण कुणाचं संरक्षण करतं?

सरकारी संग्रहालयं हे काम करतील, ही अपेक्षाही थोडी तपासून घ्यावी. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय बघून आलेला प्रत्येक जण थक्क होऊन परततो. दख्खनच्या झिओलाइटचं एवढं दर्शन महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. ते उभं केलं एका खासगी संग्राहकाने. सह्याद्रीच्या पोटातलं सौंदर्य सह्याद्रीच्या माणसाला दाखवण्याचं काम ज्या वर्गाने केलं, त्यालाच आपण सरसकट तस्कर म्हणायचं?

सुरक्षिततेचा आक्षेप मी थोडक्यात पण पूर्णपणे मान्य करतो. जुनी खाण ही फार वाईट जागा आहे. भिंती सुरुंगांनी आतून तडकलेल्या असतात आणि पावसाळ्यानंतर विनासूचना सुटतात. तळात साचलेलं पाणी वरून उथळ दिसतं, प्रत्यक्षात दोन-तीन पुरुष खोल असतं. दर पावसाळ्यात खाणीच्या डोहांत मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. न उडालेला सुरुंग राहिलेला असू शकतो. म्हणूनच भिंतीच्या पायथ्याशी जायला मनाई, डोक्यावर टोपी, पावसाळ्यात पूर्ण बंदी, चालू खाणीत सुट्टीच्या दिवशी आणि खाणवाल्याच्या माणसाबरोबरच प्रवेश, असे नियम हवेत. पण हे नियम घालायचे तर आधी तिथे माणसं येतात हे मान्य करावं लागेल. आज ती येतातच, फक्त कुंपणाच्या भोकातून.

व्यवहारात हे अवघड नाही. चालू खाणीच्या पट्ट्याच्या अटींत एक कलम घालता येईल की पोकळी उघडली तर कामगाराला स्फटिक काढायला ठरावीक वेळ मिळेल, त्याची नोंद वहीत होईल आणि विक्रीतला हिस्सा त्याच्या नावावर जाईल. बंद पडलेल्या, गायरानातल्या खाणीत परवाना ग्रामपंचायतीने द्यावा, माफक फी घ्यावी, हाताच्या अवजारांपुरता. यंत्र आणि सुरुंग वर्ज्य. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या भूगोल-भूविज्ञानाच्या विभागाने वर्षातून एकदा नोंदवह्या तपासाव्यात आणि निवडक नमुने ठेवून घ्यावेत. डोंगराची न खोदलेली बाजू मोडणाऱ्याचा परवाना कायमचा जावा. यातलं एकही कलम असं नाही की ज्यासाठी दिल्लीची वाट बघावी.

वेळ मात्र फारसा नाही. कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या खाणींतून एके काळी ओकेनाइट आणि हिरवा प्रेहनाइट निघायचा. कांदिवलीचा प्रेहनाइट तर बोटांच्या आकाराचा: आधीच्या लॉमॉन्टाइटवर थर चढला, लॉमॉन्टाइट विरून गेला आणि बोटं तेवढी राहिली. त्या खाणी शहराने गिळल्या. तिथला प्रेहनाइट आज जिथे कुठे आहे तो त्या काळी कुणीतरी पिशवीत घालून नेला म्हणून आहे. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथल्या खाणींच्या भोवतीही इमारती उभ्या राहत आहेत, आणि शहराच्या कडेच्या खड्ड्यात आधी राडारोडा पडतो, मग भराव, मग बांधकामाचा फलक. कॅव्हन्साइटचा निळा झुबका अजून त्या भिंतीत असेल तर तो राडारोड्याखाली पुरला जाण्याआधी कुणी काढायचा, आणि काढणाऱ्या कामगाराला त्याचे किती पैसे मिळायचे, हे येत्या काही वर्षांतच ठरवावं लागणार आहे.